काय सांगालीय गं ती

टिळकवाडीतल्या कॉलेजात, शनिवारी,
खिडक्यांना निळं कापड लावून
मी मुलांना एक सिनेमा दाखवते.
त्यात एक आई आहे. मूल झोपलंय.
दुधाखालचा गॅस बंद करून ती उठते,
दार उघडते
आणि उभी राहते.
कॅमेरा तिच्या मानेवरच थांबतो.
समोर काय आहे ते दाखवत नाही.

मी तिथंच थांबवते. विचारते, काय हवंय तिला?
"पुरुष," शेवटच्या बाकावरून.
"स्वातंत्र्य," पहिल्या.
"लाइट गेली असंल, मॅडम.
दुसऱ्यांच्यात आहे काय बघायला आली असंल."
सगळे हसतात. मीही.
मग पाठ झालेलं सांगते:
मुलाला वाटत असतं, आईला हवं ते मीच.
एक दिवस तिची नजर त्याच्या डोक्यावरून
कुठंतरी जाते,
आणि त्या कुठंतरीपासून
माणूस सुरू होतो.
मुलं उतरून घेतात.
'कुठंतरी'खाली दोन रेघा.

वडगावात मंगळवारी माग बंद.
आई कांड्यांची टोपली पालथी घालायची,
केसांतलं सूत झटकायची,
आणि पलीकडच्या दारातली नीलव्वा
हाक न मारताच यायची.
तिघी जायचो. सिनेमा कन्नड.
घरात मराठी, पाट्यांवरनं भांडणारा काका मराठी,
मोर्च्यात डोक्याला टाके पडलेला बाप मराठी.
कुठला सिनेमा, ते आई सांगायची नाही.

अंधारात मी दोघींच्या मध्ये.
पडद्यावरची बाई काहीतरी बोलायची.
आई विचारायची, "काय सांगालीय गं ती?"
नीलव्वा माझ्या डोक्यावरून वाकायची,
तोंडाला बडीशेपेचा वास,
आणि मोडक्या मराठीत ते वाक्य
आईच्या कानात ठेवायची.
आई एक वाक्य उशिरा हसायची.
एक वाक्य उशिरा रडायची.
अख्खं थिएटर गप्प झाल्यावर
तिचा एकटीचा हुंदका.
मला लाज वाटायची.

परवा वह्या तपासताना, कशानं की, आठवलं:
हीच बाई सुताच्या पेढीवर
"कडिमी माड्री" म्हणून
शेटला घाम फोडायची.
भांडायची कन्नडात.
झोपेत कांड्या मोजायची,
मूरु, नाल्कु, ऐदु.
सगळं कळत होतं तिला.
पहिल्या सिनेमाच्या पहिल्या वाक्यापासून.

मराठीत म्हणतात, मला हवंय.
कन्नडात, ननगे बेकु.
सीमेवरच्या दोन भाषा
एवढ्या एका गोष्टीवरून भांडत नाहीत:
ज्याला हवं असतं तो कर्ता नसतो.
हवं असणं त्याच्याकडे चालत येतं,
चप्पल न काढता,
आणि बसतं.

नीलव्वा लेकाकडे गोकाकला गेली त्या वर्षी
आईनं टोपलीला दोन कड्या लावून घेतल्या.
मंगळवारीही कांड्या भरायला लागली.
बाप म्हणाला, बरं झालं, संसारात लक्ष लागलं.
मी नववीत होते. मलाही बरंच वाटलं.

काल विचारलं तिला.
तुला कन्नड येत होतं की,
मग दर वेळी विचारायचीस कशाला?
ती शेंगा सोलत होती.
एक शेंग सोलली. दुसरी सोलली.
"काय की," म्हणाली,
आणि वारं नसताना
पदर कानावरून घेतला.

पुढच्या शनिवारी सिनेमा तिथूनच लावायचाय.
सहा वेळा पाहिलाय मी.
दाराबाहेर काय होतं ते शेवटपर्यंत येत नाही.
ती आत येते, गॅस पेटवते.
दुधावर साय धरलेली असते.

'लाइट गेली असंल' म्हणणाऱ्या पोराचं नाव
मी हजेरीपटात शोधून ठेवलंय.
त्याला पैकीच्या पैकी द्यायचेत.
कशासाठी, विचारलं त्यानं,
तर काय सांगू?